बापाच्या कष्टांची वही

(मुलुंड पूर्वेकडील गव्हाणपाड्यात भरलेल्या सभेत एका खेडेगावच्या शाळामास्तरांनी केलेले भाषण)



आपल्याकडे आईविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. शाळेत निबंध लावा, चाळीस पोरांपैकी पस्तीस पोरे आईवर भराभर लिहितील. बापावर लिहा म्हटले की पेन्सिली तोंडात जातात. 'माझे बाबा कामाला जातात. ते संध्याकाळी येतात.' झाला निबंध! वीस वर्षे मी हा निबंध वाचीत आलो आहे. पोरे खोटे लिहीत नाहीत. बाप जितका दिसला तितका त्यांनी लिहिला. उजाडण्यापूर्वी गेला आणि दिवेलागणीला आला, एवढेच त्यांना ठाऊक. मधल्या बारा तासांत ह्या माणसाने काय केले, कोणाची बोलणी खाल्ली, काय उचलले, काय गिळले, ते त्यांना कोणी सांगत नाही. आणि बाप स्वतः तर सांगावयाचा नाहीच. कष्टकऱ्याच्या घरी बापाची माया भाकरीच्या पिठात असते. पीठ खाल्ले की संपते. मागे खूण राहत नाही.

आज मी आपणांस एका बापाची हकीकत सांगणार आहे. त्याचे नाव आपण सर्वजण रोज घेता, पण मधले नाव म्हणून घेता. भीमराव रामजी आंबेडकर. ह्यातला रामजी कोण होता? सरकारी कागदावर आपण बापाला एका अक्षरात उरकतो. भी. रा. आंबेडकर. तो 'रा' आज मी तुमच्यापुढे सबंध उभा करतो.

रामजी मालोजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. लष्करात सुभेदारीच्या हुद्द्यापर्यंत चढले. पलटणीच्या शाळेत त्यांनी अनेक वर्षे मास्तरकी व मुख्याध्यापकी केली, म्हणजे ते माझ्याच धंद्यातले. कबीरपंथी होते, मद्यमांसाला शिवत नसत. १८९१ साली महू येथे त्यांना चौदावे अपत्य झाले, ते भीमराव. पुढे निवृत्त होऊन कुटुंब साताऱ्यास आले, तेथे मुलांची आई गेली. रामजींची बहीण मीराबाई, पाठीने वाकलेली, तिने पोरे सांभाळली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावाचे नाव पडले. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आमच्या शाळेतही भाषणे होतात. पोराचे नाव घालावयास जो बाप गेला त्याच्याविषयी मात्र चकार शब्द निघत नाही!

१९०१ साली रामजी खटाव तालुक्यात नोकरीस होते. (त्या गावास कोणी कोरेगाव म्हणतात, कोणी गोरेगाव, बोरिवलीच्या गाडीत लागते ते आपले गोरेगाव मात्र नव्हे.) दुष्काळ पडला होता, माणसे मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खणावयास काढला होता, आणि मजुरांच्या पैशांचा हिशेब रामजींकडे होता. पोरे साताऱ्यास आणि बाप तेथे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावून घेतले. भीमराव, त्यांचा भाऊ व बहिणीची दोन मुले नवे सदरे, नव्या टोप्या, नवे जोडे घालून मसूर स्टेशनावर उतरली. मुलांनी पाठविलेले पत्र नोकराच्या हाती पडले होते, पण त्याने ते रामजींना सांगितलेच नाही. स्टेशनावर घ्यावयास कोणी नाही. पोरांची जात कळताच स्टेशनमास्तर पाच पावले मागे सरला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे दिले, गाडी पोरांनी स्वतः हाकली, गाडीवान सोबत पायी चालला. रात्रभर पाण्याचा थेंब कोणी दिला नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपण ती मुलांच्या बाजूने वाचतो आणि वाचावीही. पण एकदा बापाच्या बाजूने वाचून पाहा. दुष्काळात भुकेल्यांच्या मजुरीची पै न् पै मोजून देणारा माणूस, आणि त्याचीच पोरे सुट्टीला बापाकडे येताना तहानेने व्याकूळ होऊन दारात उभी! त्या क्षणी त्या बापाच्या पोटात काय झाले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

आता मी हा बाप देव म्हणून मांडीत नाही. देव केला की त्याचे कष्ट दिसेनासे होतात. रामजींनी दुसरे लग्न केले, ते भीमरावास आवडले नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून पोराचे मन बापावरून उडाले. मुंबईस पळून जावे, गिरणीत काम धरावे, बापाच्या जिवावर राहू नये असे त्याने ठरविले. भाड्यासाठी आत्याच्या कमरेचा बटवा लांबवावा म्हणून तीन रात्री खटपट केली, चौथ्या रात्री बटवा हाती आला, तर आत निघाला अर्धा आणा! तेव्हा त्याने पळण्याचा विचार सोडला आणि अभ्यासाचा धरला. हेही बाबासाहेबांनीच सांगितले. जो मुलगा बापावर इतका रुसला होता त्यानेच पुढे बापाचे ऋण लिहून ठेवले, म्हणून त्या लिहिण्याला किंमत आहे. ज्याला बापात दोषच दिसला नाही त्याने बाप नीट पाहिलाच नाही असे मी समजतो.

१९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. त्यात चूल, भांडी, सरपण, जाते, बकरी आणि सगळी माणसे. अभ्यासाला जागा नाही, निजावयासही नाही. रामजींनी काय करावे? पोराला रात्री लवकर निजवावयाचे आणि आपण जागत बसावयाचे. दोन वाजले की त्याला उठवून दिव्यापुढे बसवावयाचे आणि मग त्याच जागेवर आपण अंग टाकावयाचे. एकच अंथरूण, दोघांनी आळीपाळीने वापरलेले! म्हाताऱ्या माणसाने मध्यरात्रीनंतर दोन वाजेपर्यंत डोळे उघडे ठेवणे म्हणजे काय, हे इथे ज्यांनी रात्रपाळी केली आहे त्यांना सांगावयास नको. इंग्रजीची हॉवर्डची पुस्तके व तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके त्यांनी पोराकडून घोटून घेतली. जे आपल्याला येत होते ते सगळे दिले.

आणि जे नव्हते तेही दिले. भीमरावास पाठ्यपुस्तकांशिवाय दुसरी पुस्तके वाचण्याचे वेड. पुस्तकाला पैसे हवेत आणि निवृत्तिवेतन तर महिना सरण्याआधी सरलेले. मग रामजी उठत आणि मुंबईत दिलेल्या लेकीकडे उसने मागावयास जात. धाकटीकडे नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही रोकड नसली तर ती अंगावरचा एखादा दागिना काढून देई, तो मारवाड्याकडे गहाण पडे, त्याचे पुस्तक येई, आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून लेकीला परत. लेकीच्या दारात पैसे मागावयास उभे राहणे बापाला किती जड जाते, हे ज्याला मुली आहेत त्याला विचारा. एकदा नव्हे, कितीदा तरी हा माणूस त्या दारात उभा राहिला. ह्या हिशेबात त्या दोघी बहिणींचे नावही आलेच पाहिजे. त्या शिकल्या नाहीत. त्यांच्या अंगावरच्या सोन्यावर भाऊ शिकला.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सभा झाली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र मुलास बक्षीस दिले. ही दोन्ही नावे आपल्या बहुजनसमाजाच्या चळवळीत आदराने घेतली जातात. मुलाला पुढे शिकविणार का, असे केळुस्करांनी रामजींना विचारले. ऐपत नाही, तरी शिकविणार, असेच रामजींचे उत्तर होते. पुढे केळुस्करांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीरावमहाराजांकडून महिना २५ रुपयांची मदत मिळाली आणि १९१२ साली मुलगा बी. ए. झाला. जानेवारी १९१३ मध्ये तो बडोद्यास नोकरीला गेला. रामजींच्या मनात त्याने तिकडे जावे असे नव्हते. थोड्याच दिवसांत तार आली, वडील अत्यवस्थ. निघालेला मुलगा सुरतेच्या स्टेशनावर बापासाठी मिठाई घ्यावयास उतरला, तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने तो घरी पोहोचला तेव्हा बापाचे डोळे त्याचीच वाट पाहत होते. पाठीवरून हात फिरविला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेस गेला. बापाने ते पाहिले नाही.

दहा वर्षांनी, १९२३ साली, लंडनमध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा मोठा ग्रंथ छापला गेला. तो त्यांनी आईबापांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी जे सोसले त्याची कृतज्ञता तेथे नोंदविली. जगाच्या चलनावरचे पुस्तक, आणि त्याच्या पहिल्या पानावर गहाण पडलेल्या दागिन्यांचा हिशेब! पुढे १९५६ साली, वयाच्या पासष्टीत, बुद्ध आणि त्याचा धम्म ह्या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहितानाही त्यांना बापच आठवला : त्याची शिस्त, त्याची भक्ती, आणि आम्हांला कमी लेखणारे ग्रंथ तुम्ही आम्हांला का वाचावयास लावता, हा बापाला विचारलेला प्रश्न. बाप जाऊन त्रेचाळीस वर्षे झाली होती.

सगळेच बाप रामजींसारखे शेवटपर्यंत टिकतात असे नाही. जोतीराव फुल्यांचे वडील गोविंदराव माळीकाम व फुलांचा धंदा करणारे, कष्टाळू आणि आईविना वाढणाऱ्या पोरावर जीव टाकणारे. त्यांनी मुलाला शाळेत घातले, लोकांच्या बोलण्याने काढले, गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब ह्यांनी समजाविल्यावर १८४१ साली पुन्हा घातले. आणि १८४९ साली, सून शाळेत मुलींना शिकविते म्हणून गहजब झाला, तेव्हा त्याच बापाने मुलाला व सुनेला घराबाहेर जावयास सांगितले. गोविंदरावांची माया आटली होती असे मला वाटत नाही. बापाच्या मानेवर घराचे ओझे असते आणि त्यावर जातीचेही असते. कोणाची मान वाकते. मुलाने हेही समजून घेतले पाहिजे.

आता माझ्या वडिलांविषयी. ते आज ह्या सभेत मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांना विचारूनच सांगतो.

माझे बाबा ह्या मुलुंड-भांडुपच्या मिठागरांत राबले. तरुण मंडळींना मिठागर म्हणजे हमरस्त्यावरून दिसणारी मोकळी जागा. तेव्हा दिवाळी आटोपली की तेथे बांधबंदिस्ती सुरू व्हावयाची. उधाणाच्या भरतीचे खाडीचे पाणी आत घ्यावयाचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात खेळवीत उन्हाने दाट होऊ द्यावयाचे. शेवटच्या वाफ्याची जमीन पायांनी तुडवून पाटासारखी करावयाची, नाहीतर मिठात माती येते. मग दाणा धरला की लाकडी फावड्याने ओढावयाचा, ढीग करावयाचा आणि पाट्या भरून डोक्यावरून वाहावयाच्या. आईही पाट्या वाहत असे. वर ऊन, खाली पांढरी चकाकी, डोळे लाल. पायांच्या भेगांत मीठ. घरी आले की बाबा कोमट पाण्यात पाय सोडून बसत आणि त्या वेळी कोणाशी बोलत नसत. आम्हांला वाटे, बाबा रागावले आहेत. वैशाखात अवेळी एक सर आली की आठ दिवसांचे मीठ पाण्यात!

बाबांना अक्षर येत नव्हते. किती पाट्या वाहिल्या ते ते रोज रात्री कोळशाने भिंतीवर रेघा मारून ठेवीत. मी चौथीत असताना एका आठवड्याच्या शेवटी त्यांनी मुकादमाची वही कशी कोण जाणे घरी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "पोरा, इथं काय लिवलंय?" मी वाचले, ३६७. भिंतीवर रेघा होत्या ४१२. वजाबाकी मी बोटांवर केली : ४५. "परत वाच," म्हणाले. मी परत वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हात धरून ते मला बांधावर घेऊन गेले आणि सर्व मजुरांदेखत म्हणाले, "माझा पोर वाचतो ते ऐका." मुकादम प्रथम हसला, मग वही मिटली. पंचेचाळीसपैकी वीस पाट्यांचे पैसे मिळाले. पुढचा आठवडाभर बाबांना काम मिळाले नाही. त्या दिवसांत त्यांनी भांडुपला गटाराचे चर खणले. तिसऱ्या आठवड्यात बोलावणे आले, कारण वाफ्याची जमीन त्यांच्यासारखी तुडविणारे पाय थोडे होते. तेव्हापासून संध्याकाळी प्रत्येकाच्या पाट्यांचा आकडा मोठ्याने सांगावयाची रीत पडली. माझ्या शिक्षणाचा हा पहिला उपयोग, आणि त्याची फी म्हणून बापाने एका आठवड्याची मजुरी भरली. मला शाबासकी दिल्याचे आठवत नाही. मात्र त्या दिवसापासून मी अभ्यासाला बसलो की ते उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसत. कोणी आले तर तेथूनच बोलून वाटेला लावीत. शिक्षक होण्यासाठी अध्यापक विद्यालयात गेलो तोपर्यंत ती पाठ माझ्या दारात होती.

शिमग्याला ते पीत आणि प्यायले की आईशी भांडत. हेही त्यांनीच "सांग" म्हटले म्हणून सांगतो.

हे सगळे मला कसे कळले? दोन वर्षांपूर्वी मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसलो. बाबा, तुमच्याविषयी सांगा म्हटले, तर उत्तर आले, "त्यात काय सांगायचं?" कष्टकरी बापाला स्वतःविषयी बोलता येत नाही, त्याने कधी केलेलेच नसते. तेव्हा मी प्रश्न बदलला. पहिली मजुरी किती मिळाली, पहिली भेग कोणत्या पायाला पडली, ओली माती आणि तयार जमीन पायाला कशी वेगळी लागते, असे विचारीत गेलो. बाबा तीन रात्री बोलले! आईने मधून मधून आकडे दुरुस्त केले. मायेविषयी विचाराल तर बाप गप्प बसेल. कामाविषयी विचारा.

आणि ही कल्पना माझी नव्हे. ओझरचे दामोदर रुंजाजी जाधव गावकीच्या येसकरकीतला मार खाऊन मुंबईस पळून आले, रेल्वेत व मुंबई बंदराच्या ट्रस्टमध्ये राबले, वडाळ्यास राहून त्यांनी पोरे शिकविली. लिहिणेवाचणे जेमतेम. निवृत्तीनंतर रिकामे बसवेना, तेव्हा मुलाने त्यांना आपली हकीकत लिहावयास बसविले. बापाच्या त्या वह्यांवरून डॉ. नरेंद्र जाधव ह्यांनी 'आमचा बाप आन् आम्ही' हे पुस्तक वडिलांच्या पश्चात १९९३ साली काढले. मुलगा अर्थशास्त्रज्ञ झाला, पुणे विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पण त्या पुस्तकात लोक गुंतून जातात ते बापाच्या हकीकतीत.

आपल्यात बाप गेला की काय करतात ते सर्वांस ठाऊक आहे. तेराव्याचे जेवण, भिंतीवर तसबीर, तसबिरीला हार. कर्ज काढूनही करतात. त्यातले बापाला काय पोहोचते, हा प्रश्न सत्यशोधकांनी दीडशे वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे, मी आज पुन्हा विचारीत नाही. मी एवढेच विचारतो की, तसबिरीतला माणूस पस्तीस वर्षे काय करीत होता हे घरातल्या कोणास अर्धा तास सांगता येईल काय? माझ्या बाबांनी तुडविलेल्या वाफ्यांवर आज मीठ पिकत नाही. २०२४ साली सरकारने कांजूर, भांडुप व मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी घेण्याचे ठरविले. गरिबाला घर मिळत असेल तर मिळो. पण त्या इमारतींखाली कोणता बांध होता, आणि तो कोणी बांधला, हे सांगणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यांतली निम्मी आज ह्या मंडपात बसली आहेत.

म्हणून मी येताना शंभर पानी साठ वह्या आणल्या आहेत. त्या दाराजवळच्या टेबलावर आहेत, किंमत काही नाही. जाताना प्रत्येक घराने एक न्यावी. पहिल्या पानावर बापाचे नाव पूर्ण लिहावे, एका अक्षरात उरकू नये. आईनेही पाट्या वाहिल्या असतील तर तिचेही. ज्यांच्या घरी लिहिणारे कोणी नाही त्यांनी रविवारी दुपारी माझ्याकडे यावे, मी लिहून देईन. दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा येथे येणार आहे, तेव्हा ज्यांना वाचून दाखवावयाचे असेल त्यांनी वही घेऊन यावे. पानसुपारी झाली की वह्या वाटावयास घेऊ.